ताटी आणि रेडिएटर : पिपरी मेघे येथील संगणक-शीतलनाचा पूर्वेतिहास

पिपरी मेघे येथे 'कूलर बसवला' हे वाक्य उच्चारले गेले की ऐकणाराच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू उभी राहते : खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर ठेवलेली पत्र्याची चौकोनी पेटी, तिच्या तीन बाजूंना ओल्या ताट्या, आत पंखा आणि तळाशी पाण्याची टाकी. गेल्या काही वर्षांत मात्र याच वाक्याला दुसरा एक अर्थ येऊन चिकटला आहे. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसर थंड राखण्यासाठी जो संच बसवतात त्यालाही बाजारात 'कूलर'च म्हणतात, आणि त्यात द्रव खेळत असला तर 'लिक्विड कूलर'. पहिल्या कूलरला रोज बादल्या भरून पाणी घालावे लागते. दुसऱ्यात कारखान्यात एकदा भरलेला पेलाभर द्रव वर्षानुवर्षे तसाच राहतो. पहिला पाणी खर्चून हवा गार करतो. दुसरा हवा गार करीत नाही, उलट तापवतो. परस्परांहून इतक्या भिन्न असलेल्या दोन क्रिया एका नावाखाली आल्या की गैरसमज होणे अपरिहार्य असते. 'लिक्विड' या शब्दावर विसंबून वैशाखातही यंत्र आपोआप गार राहील अशी अपेक्षा धरली जाते, संच विकत घेतला जातो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र मंदावू लागते. हा दोष यंत्राचा की नावाचा, या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर दोन्ही वस्तूंचा इतिहास वेगवेगळा पाहून मग तो एकत्र आणावा लागतो. तसे केले असता असे दिसून येते की वर्ध्याच्या उन्हाळ्यात रेडिएटर हा ताटीचा प्रतिस्पर्धी नसून तिचा आश्रित आहे.

प्रथम स्थळाविषयी थोडेसे. पिपरी मेघे ही वर्धा शहराला लागून वाढलेली वस्ती. ज्या शहराला ती लागून आहे तेही फार जुने नव्हे. वर्धा जिल्हा नागपूर जिल्ह्यातून १८६२ मध्ये वेगळा करण्यात आला आणि वर्धा शहराची आखणी १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी झाली. पुढल्याच वर्षी, १८६७ मध्ये, मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. 'पिपरी' हे रूप देशावरील 'पिंपरी'चे अनुनासिक गळालेले भावंड होय. बोरगाव, सिंदी, सावंगी आणि पिपरी या वर्ध्याभोवतीच्या गावांच्या नावांना जोडले जाणारे 'मेघे' हे पद त्याच नावांच्या इतर गावांपासून त्यांचे वेगळेपण दाखवते. एखाद्या संस्कृतज्ञास ते 'मेघ' शब्दाचे सप्तमीचे रूप भासावे. परंतु ज्या महिन्यांविषयी येथे लिहावयाचे आहे त्या महिन्यांत तेथील आकाशात मेघ औषधालाही सापडत नाही. एप्रिलच्या अखेरीपासून मृग लागेपर्यंत वर्ध्याचा पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि काही दिवशी तो त्याहूनही वर चढतो.

अशा हवेत राहणाऱ्या लोकांनी उष्णतेशी केलेला व्यवहार दोन प्रकारचा आहे. एक, तिला आत येऊ न देणे. जाड मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर, खोल ओसरी, दुपारी बंद ठेवलेली दारे हे त्याचे प्रकार होत. सेवाग्राम आश्रमातील माती, बांबू आणि कवेलू यांच्या कुटी पाहिल्या म्हणजे ही पद्धती किती अल्प साधनांत निभते याची कल्पना येते. दुसरा प्रकार, आत आलेली उष्णता पाण्याच्या हाती देऊन टाकणे. ताटी या दुसऱ्या प्रकारात मोडते.

वाळ्याच्या मुळांचा उपयोग या देशात फार प्राचीन आहे. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या तिसऱ्या अंकात तापलेल्या शकुंतलेसाठी वाळ्याचा, म्हणजे उशीराचा, लेप नेला जातो. मात्र तो अंगाला लावावयाचा लेप आहे, वाऱ्याच्या वाटेत उभा करावयाचा पडदा नव्हे. वाळ्याच्या ओल्या भिंती उभारून खोली गार करण्याच्या युक्तीचे श्रेय अबुल फज्ल 'ऐने अकबरी'त अकबराला देतो. दरबारी चरित्रकाराचे असे विधान थोडे हात राखूनच घ्यावे हे खरे. तरी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धती राजगृहांत रूढ होती इतके त्यावरून निश्चित होते. पुढे हीच ताटी इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत आणि कचेऱ्यांत आली. तिच्यावर पाणी मारण्यासाठी माणूस ठेवलेला असे. विजेचा पंखा व लहान पंप आल्यावर त्या माणसाचे काम पेटीत गेले आणि आजचा कूलर तयार झाला. वाळ्याच्या जागी बहुतेक ठिकाणी लाकडाचा भुसभुशीत तूस आला आणि अलीकडे मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळीही आली. तरी वैदर्भीय बोलीत त्या सर्वांना 'ताट्या'च म्हणतात. वस्तूचे द्रव्य बदलले, नाव टिकले. मार्च संपता संपता 'ताट्या बदलणे' हा विदर्भातील घराघरांतला विधीच होऊन बसला आहे.

ताटीचे सामर्थ्य कशात आहे हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवावयास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. तेच एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने उडून जावयास सुमारे २,४०० किलोज्यूल लागते. म्हणजे उडून जाणारे पाणी, केवळ तापणाऱ्या पाण्याच्या जवळजवळ पावणेसहाशेपट उष्णता सोबत नेते. त्यासाठी एकच अट असते, ती हवा कोरडी असण्याची. वर्ध्याचा मे महिना ही अट उदारपणे पुरी करतो. दुपारी हवा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर असताना, फुग्याभोवती ओले फडके गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. ताटी हवेला अगदी तिथवर नेऊ शकत नाही. परंतु त्या २१ अंशांच्या अंतरापैकी सुमारे दोनतृतीयांश अंतर चांगली भिजलेली ताटी कापते. बाहेर ४४ असताना कूलरच्या तोंडाशी ३० अंशांची हवा मिळते ती यामुळे. जुलै उजाडला, हवा ओली झाली, की हीच ताटी निकामी होते. मग कूलर हा केवळ ओलसर वारा फेकणारा पंखा उरतो.

रेडिएटरचे कूळ याच्या अगदी उलट हवामानातले. इमारतीत गरम पाणी वा वाफ खेळवून खोली ऊबदार करणाऱ्या लोखंडी रेडिएटरच्या निर्मितीचे श्रेय सामान्यतः सेंट पीटर्सबर्ग येथील फ्रांझ सान गाली या कारखानदाराला दिले जाते. तो काळ १८५०-६० च्या दरम्यानचा. हिमाच्या देशात ही वस्तू खोली तापवण्यासाठी जन्मली. त्यानंतर अर्धशतकाच्या आत तिचा उलट उपयोग सुरू झाला. विल्हेल्म मायबाख याने मधाच्या पोळ्याप्रमाणे असंख्य लहान नळ्या एकत्र जोडून मोटारीच्या इंजिनासाठी रेडिएटर सिद्ध केला आणि १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीत तो लागला. खोलीतल्या रेडिएटरचा हेतू बाहेरची हवा तापवणे हा होता, मोटारीतल्या रेडिएटरचा हेतू आतले पाणी निववणे हा. क्रिया मात्र तीच. म्हणूनच संगणकात बसवलेला रेडिएटर प्रोसेसरला निववतो तेव्हा तो त्याच क्षणी खोली तापवीत असतो, आणि आपल्या मूळ रशियन धर्माशी अशा रीतीने प्रामाणिक राहतो. पिपरी मेघ्यातील वैशाखात ही निष्ठा कोणालाच नको असते.

नावाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. 'रेडिएटर' म्हणजे किरणांच्या रूपाने उष्णता फेकणारा. लॅटिनमध्ये 'रॅडियस' याचा एक अर्थ चाकाचा आरा आणि दुसरा किरण. मराठी विश्वकोशाने स्वीकारलेली 'प्रारण' ही संज्ञाही, तिच्यातील संस्कृत 'अर' लक्षात घेता, त्याच आऱ्याची आठवण करून देते. परंतु ज्या क्रियेवरून हे नाव पडले ती क्रिया या यंत्रात जवळजवळ होतच नाही. संगणकात सर्रास बसणारा, २४० मिलिमीटर लांब व १२० मिलिमीटर रुंद असा रेडिएटर भोवतालच्या हवेहून दहा अंश अधिक तापलेला असेल, तर त्याच्या दोन्ही दर्शनी बाजू मिळून प्रारणाने जाणारी उष्णता जेमतेम चार वॉट भरते. प्रोसेसर मात्र दोनशे वॉट ओतत असतो. उरलेले सर्व काम पंख्याने ढकललेली हवा करते. तेव्हा 'प्रारक' असे शास्त्रशुद्ध भाषांतर केले तर मूळ इंग्रजी चूक संस्कृतात उतरवल्याचेच श्रेय पदरी पडेल. मोटारचालकांच्या तोंडी याच शब्दाचे 'रेडिवॉटर' असे रूप ऐकू येते. लोकव्युत्पत्तीचे हे नमुनेदार उदाहरण आहे. सुशिक्षित त्याला हसतात. पण त्या पेटीत पाणी असते आणि तेच काम करते, ही गोष्ट या अशुद्ध रूपात आहे आणि शुद्ध रूपात नाही.

आता संगणकांकडे वळावयास हरकत नाही. महाराष्ट्रात संगणकाच्या उष्णतेचा प्रश्न मेजावरच्या यंत्राच्या कितीतरी आधी उभा राहिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संगणकाची लहान प्रतिकृती १९५६ मध्ये चालू झाली आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. निर्वात नळी चालावयाची तर तिच्यातील तंतू सतत तापलेला असावा लागतो. प्रत्येक तंतूस दोनच वॉट लागतात असे धरले तरी गणित करण्यापूर्वीच पाच किलोवॉटांहून अधिक उष्णता खोलीत येते. या पिढीच्या यंत्रांत उष्णता ही गणनेची किंमत नव्हती, गणनेची पूर्वअट होती. ट्रान्झिस्टर आल्यावर ती अट सुटली, आणि उष्णतेचा प्रश्न मिटला असे काही काळ वाटले.

तो मिटला नव्हता, दाटला होता. घटक लहान झाले तसे ते अधिकाधिक जवळ बसवता येऊ लागले आणि चौरस सेंटिमीटरमागे निघणारी उष्णता वाढत गेली. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या 'सिस्टिम ३६०' मालिकेतील ९१ क्रमांकाच्या यंत्रात हवेच्या वाटेत थंड पाण्याच्या नळ्या घातल्या. १९८० च्या ३०८१ या यंत्रात पाण्याने थंड राखलेली तबकडी घटकसमूहाच्या पाठीशी आली. सेमूर क्रे यांच्या १९७६ च्या 'क्रे-१' मध्ये फ्रेऑन खेळत होता, आणि १९८५ च्या 'क्रे-२' मध्ये तर सर्व मंडलेच विद्युतरोधक द्रवात बुडवलेली होती. शीतलन ही संगणकाच्या रचनेबाहेरची सोय न राहता रचनेचाच भाग झाली ती अशी.

भारताला क्रे यंत्र मिळाले ते हवामानाच्या कामापुरते आणि मागितले होते त्याहून लहान. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. त्याचे पहिले संचालक विजय भटकर हे विदर्भातलेच. अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे त्यांचे जन्मगाव, आणि अभियांत्रिकीची पहिली पदवी नागपूरची. १९९१ मध्ये पुरा झालेला 'परम ८०००' एका बलाढ्य प्रोसेसरवर उभा नव्हता. अनेक लहान ट्रान्सप्यूटर समांतर चालवून त्याने वेग गाठला. या निर्णयाची चर्चा नेहमी परावलंबन व स्वावलंबन यांच्या संदर्भात होते आणि ती योग्यच आहे. तथापि त्याची दुसरी बाजूही आहे. काम अनेकांत वाटले गेले की उष्णताही वाटली जाते. एकाच ठिकाणी भट्टी पेटवून ती विझवण्याची विद्या हस्तगत करण्याऐवजी अनेक समया लावण्याचा तो मार्ग होता. 'परम' हे नाव संस्कृत शब्दाशी जुळते आणि इंग्रजीतील 'पॅरलल मशीन'च्या आद्याक्षरांनाही सामावून घेते, हे येथे सहज नोंदवावे. २००७ च्या नोव्हेंबरात जगातील महासंगणकांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर आलेल्या पुण्याच्या यंत्रालाही 'एक' असेच संस्कृत नाव होते. यंत्राचे नाव संस्कृत आणि त्याच्या एकूणएक भागांची नावे इंग्रजी, ही आपल्या परिभाषेची स्थिती त्यातून नेमकी प्रकट होते. दाराला तोरण आहे, घरात भांडी शेजाऱ्यांची.

वाटून घेतलेली उष्णताही शेवटी एका दालनात मावेनाशी झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ च्या जानेवारीत राष्ट्रास अर्पण झालेला 'प्रत्यूष' हा क्रे कंपनीच्या एक्ससी-४० जातीचा होता. या जातीत हवा यंत्रांच्या ओळीतून आडवी वाहते आणि कपाटाकपाटांच्या मध्ये पाण्याच्या नळ्यांची जाळी तिला पुन्हा थंड करते. म्हणजे रेडिएटरच, परंतु उलट कामाला लावलेला. त्यानंतर राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली २०१९ मध्ये पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत 'परम ब्रह्म' बसवण्यात आला. त्यात द्रव थेट प्रोसेसरच्या पाठीवरील तबकडीतून फिरवला जातो.

या टप्प्यावर शीतलनाच्या इतिहासात एक विलक्षण गोष्ट घडलेली दिसते. २०१० मध्ये झुरिच येथे आयबीएमने स्थानिक तंत्रविद्यापीठाच्या सहकार्याने उभारलेल्या 'अक्वासार' या संगणकात सुमारे ६० अंशांचे पाणी थंड करण्यासाठी म्हणून सोडण्यात आले. ६० अंशांचे पाणी थंड कसे, असा प्रश्न भाषेच्या दृष्टीने स्वाभाविक आहे. परंतु ८० अंशांवर चालणाऱ्या चकतीच्या दृष्टीने ते पाणी थंडच असते. 'थंड' आणि 'गरम' हे गुणवाचक शब्द नसून संबंधवाचक शब्द आहेत, हे व्याकरणाने नव्हे तर यंत्रशास्त्राने दाखवून दिले. पिपरी मेघे येथील प्रश्नाचा गाभाही हाच आहे.

घरगुती संगणकात द्रवशीतलन आले ते हौशी लोकांच्या हातून. नव्वदीच्या अखेरीस पाश्चात्य देशांतील काही उत्साही मंडळी मोटारीतील हीटरचा गाभा, मत्स्यालयाचा पंप आणि घरी कोरलेली तांब्याची तबकडी अशी जुळवाजुळव करीत. २००४ मध्ये ॲपलने 'पॉवर मॅक जी-५' च्या एका प्रकारात ही योजना कारखान्यातूनच बसवून दिली. खरा प्रसार झाला तो पंप, तबकडी, नळ्या आणि रेडिएटर हे सर्व एकत्र जोडून, द्रव भरून, कायमचे बंद केलेले संच निघाल्यावर. डेन्मार्कच्या आसेटेक या कंपनीचा या बाबतीत मोठा वाटा आहे, आणि तिच्या रचनेवर आधारलेला 'कॉर्सेअर एच-५०' २००९ मध्ये बाजारात आला. पाणी भरणे, गळती तपासणे, शेवाळ धरू न देणे ही कामे यामुळे ग्राहकाकडून कारखानदाराकडे गेली. आज पिपरी मेघ्यात जो संच खोक्यातून निघतो तो या वंशातला.

तो बसवण्याची कृती वस्तुतः अर्ध्या दिवसाचीही नाही. जुना हीटसिंक काढावयाचा, प्रोसेसरच्या पाठीवरील वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावयाची, मदरबोर्डच्या मागे आधारपट्टी लावावयाची, नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी ठेवावयाची आणि पंपाची तबकडी तीवर बसवून स्क्रू कोपऱ्याकोपऱ्यांतून आलटून पालटून आवळावयाचे. एकच स्क्रू आधी पुरा आवळला तर तबकडी तिरपी बसते आणि पेस्ट एका बाजूस सरकते. पंपाची तार मदरबोर्डवरील पंपासाठी राखलेल्या जागी जोडावी, म्हणजे तो पूर्ण वेगाने चालतो. पंखे प्रोसेसरच्या पंख्याच्या जागी. तबकडीवरचे पारदर्शक संरक्षक पान काढावयाचे राहून जाणे ही चूक हास्यास्पद वाटते, पण ती जगभर घडत आलेली आहे.

विचार करावयाचा तो रेडिएटरच्या जागेचा. बंद संचातही थोडी हवा असते, आणि नळ्यांच्या भिंतींतून द्रवाचा अंश हळूहळू निसटत गेल्याने ती वर्षांगणिक वाढते. ही हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरच्या वरच्या टाकीत असली तर काही बिघडत नाही. पंप सर्वांत उंच असला तर बुडबुडे पंपात साठतात, तो खरखर वाजू लागतो आणि अकाली झिजतो. म्हणून रेडिएटर कॅबिनेटच्या छताशी बसवावा, नाही तर समोरच्या बाजूस असा उभा करावा की त्याचा माथा पंपाच्या वर राहील. नळ्यांची तोंडे खाली असली तर अधिक बरे. तळाशी रेडिएटर आणि वर पंप ही मांडणी सर्वथा टाळावी.

छत की समोर, याचा निर्णय थंड देशांतील मार्गदर्शिका वाचून करणे हे वर्ध्यात धोक्याचे आहे. छताशी बसवलेला रेडिएटर सामान्यतः आतली हवा बाहेर फेकतो, आणि ती आतली हवा चित्रपत्रिकेने, म्हणजे ग्राफिक्स कार्डाने, आधीच तापवलेली असते. समोर बसवलेला रेडिएटर खोलीतली ताजी हवा आत ओढतो. त्यात प्रोसेसरचे हित होते आणि ग्राफिक्स कार्डाला उरलेली ऊन हवा मिळते. ज्या देशात खोली २२ अंशांवर असते तेथे दोहोंतला फरक नगण्य ठरतो. येथे हिशेब असा : प्रोसेसर २०० वॉट ओतत असता द्रव, आत शिरणाऱ्या हवेहून सुमारे १० अंशांनी वर राहतो आणि चकतीचा गाभा द्रवाहून आणखी ३५ ते ४० अंशांनी वर. बंद, कूलर नसलेल्या खोलीत हवा ४४ अंशांवर गेली तर द्रव ५४ वर आणि गाभा ९० च्या पलीकडे जातो. अलीकडच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंश असते. तिच्याजवळ पोचताच प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. हाच तो मेच्या दुसऱ्या आठवड्यातला मंदपणा. त्यात ग्राफिक्स कार्डाने तापवलेली हवा रेडिएटरवर आली तर मर्यादा आधीच ओलांडली जाते. यास्तव ज्याचे काम मुख्यतः प्रोसेसरवर आहे त्याने वर्ध्यात रेडिएटर समोर बसवावा हे इष्ट.

आता ताटी या चित्रात येते. त्याच खोलीला कूलर असेल आणि खोलीची हवा ३० अंशांवर आली असेल, तर द्रव ४० वर आणि गाभा ७५ ते ८० च्या दरम्यान राहतो. संच तोच, पंखे तेच, पेस्ट तीच. १४ अंशांचा फरक केला तो ताटीने. रेडिएटर कितीही मोठा घेतला तरी तो द्रवाला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. १२० च्या जागी ३६० मिलिमीटरचा घेतला तर द्रव हवेच्या अधिक जवळ येईल, तिच्याखाली जाणार नाही. खालची पायरी ओलांडण्याचे सामर्थ्य केवळ बाष्पीभवनात आहे, आणि ते खिडकीतल्या पेटीत आहे. याच मर्यादेचा एक फायदाही आहे. रेडिएटर हवेच्या तापमानाखाली जात नसल्याने त्याच्यावर किंवा नळ्यांवर दव धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घरातले कपडे वाळत नाहीत तेव्हाही कॅबिनेटमध्ये पाणी साचण्याची धास्ती बाळगावयाचे कारण नाही. त्या दिवसांत ताटी निकामी झालेली असते, पण हवाही ३० अंशांच्या आसपास उतरलेली असते, आणि रेडिएटर आपल्या बळावर काम निभावून नेतो. वर्षाचे दोन ऋतू दोघांनी असे वाटून घेतले आहेत.

मात्र ताटीचा आश्रय घेताना तिच्या फार जवळ जाऊ नये. कूलरच्या थेट झोतात ठेवलेल्या कॅबिनेटवर पाण्याचे तुषार येतात, आणि बोअरच्या जड पाण्याचे तुषार वाळले की पांढरा क्षार मागे राहतो. रेडिएटरमधील दोन पत्र्यांतले अंतर जेमतेम एक ते दीड मिलिमीटर असते. त्यात क्षार, त्यावर उन्हाळ्यातली धूळ आणि कापसाच्या या मुलखात उडणारा तंतू असे थर बसले की हवेची वाट बंद होते. यंत्र झोताच्या आड, पण त्याच खोलीत असावे. आणि ज्या कूलरच्या खोलीत खिडकी उघडी नाही तेथे ओल साचून ताटी दुपारपर्यंतच थकते, हे वर्धेकरांस वेगळे सांगावयास नको. रेडिएटरची सफाई ताट्या बदलण्याच्या दिवशीच करावी, म्हणजे विसर पडत नाही.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. ३०० वॉट खाणारा संगणक तासाभरात १,०८० किलोज्यूल उष्णता खोलीत टाकतो. ती सर्व ताटीनेच उचलावयाची म्हटली तर तासाला अर्ध्या लिटरहून किंचित कमी पाणी उडून जावे लागेल. दहा तासांच्या कामाला साडेचार लिटर. 'बंद' संच पाणी पीत नाही असे खोक्यावर लिहिलेले असते आणि ते अक्षरशः खरे आहे. पिपरी मेघ्यातील मे महिन्यात तो ते कूलरच्या टाकीतून पितो. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात साडेचार लिटर म्हणजे पिण्याच्या पाण्याचा एक हंडा नव्हे, तरी अर्ध्या कळशीच्या घरात जाणारी गोष्ट आहे. आणि म्हणूनच ज्याचे काम पत्रलेखन, हिशेब किंवा पाठ्यपुस्तकांची जुळणी एवढेच आहे त्याने द्रवशीतलनाच्या भानगडीत पडू नये. ६५ वॉटांचा प्रोसेसर आणि त्यावर बरा, मोठा, हवेचा हीटसिंक एवढे त्यास पुरे. दीर्घकाळ चालणारे चित्रफितींचे संपादन किंवा अभियांत्रिकीची आकडेमोड असेल तरच या संचाचे पैसे वसूल होतात.

राहिला नावाचा प्रश्न. स्वातंत्र्योत्तर काळात जेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता, त्या दिवसांत नागपूर ही भारतीय परिभाषानिर्मितीची एक मोठी कर्मशाळा होती. डॉ. रघुवीर यांचे काम १९४६ पासून सुमारे दहा वर्षे तेथून चालले आणि त्यांचा इंग्रजी-हिंदी बृहत्कोश १९५५ मध्ये तेथेच निघाला. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन करून मराठीपुरते तेच कार्य हाती घेतले. या दोन्ही प्रयत्नांत धातू व उपसर्ग यांच्या बळावर इंग्रजी शब्दाच्या अर्थाशी समांतर शब्द घडवण्यावर भर होता. जेथे इंग्रजी शब्दच वस्तूचे खोटे वर्णन करतो तेथे ही पद्धती लंगडी पडते, हे 'रेडिएटर'वरून दिसते. क्रियेवरून नाव द्यावयाचे तर 'निववणी' हा शब्द विचारात घेता येईल. दूध निवते, काढा निववतात, तसा हा द्रव निववला जातो. आणि 'निवणे' या क्रियापदातच भोवतालच्या हवेपर्यंत येऊन थांबणे हा अर्थ आहे. निवलेला चहा खोलीइतका होतो, तिच्याहून गार होत नाही. ताटी गार करते, रेडिएटर निववतो. मराठी घरात हा भेद चुलीपाशी रोज पाळला जातो; दुकानात मात्र दोहोंवर 'कूलर' हीच चिठ्ठी लागते. दुकानदार चिठ्ठी बदलेल असे नाही. निदान कॅबिनेट उघडून बसलेल्याने संच छताशी लावावा की समोर हे ठरवताना मनाशी दुसरा शब्द वापरला, आणि खिडकीतल्या टाकीत पाणी आहे की नाही ते आधी पाहिले, तर त्याचा मे महिना बरा जातो.